धामणीची फळी

मेनरोडवर नळासाठी चर खणला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी त्यावर एक लांब फळी टाकून ठेवली होती. चंद्रभागा रोजच्या वेळेला तिथं पोचली, छत्री मिटून काखेत धरली, लुगड्याचा काठ जरा वर उचलला आणि फळीवर चढली. ती मध्याच्या जरा पुढं गेली असेल नसेल, तेवढ्यात मागून डोक्यावर भाजीची पाटी घेतलेला एक जाडजूड माणूस घाईनं फळीवर आला. फळी खाली दबली. पुढं बाईमाणूस आहे हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो तसाच मागं उतरला. दबलेली फळी एकदम मोकळी झाली आणि चंद्रभागा उचलली गेली. फार नाही, वीतभर असेल. पण त्या वीतभरात तिच्या पायांखाली काही नव्हतं. मग तिचे पाय पलीकडच्या मातीवर टेकले, दोन्ही एकदम, गुडघ्यात आपोआप वाकून, आणि ती पडली नाही. मागून तो माणूस म्हणाला, "लागलं तर नाही ना, बाई?" ती नाही म्हणाली आणि चालू लागली. दहाबारा पावलं गेल्यावर तिला कळलं की छत्री तिनं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली आहे, आणि आपण भ्यालेलो नाही.

हे दुसरंच तिला दिवसभर छळत राहिलं. चंद्रभागा मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. एकोणतीस वर्षांची होती. निफाडकडच्या शेतकरी घरातली. अठराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा थोरल्या भावानं गावाची तोंडं बंद करून तिला पुण्याला व्यायामाच्या वर्गाला घातलं होतं. छत्तीस साली नाशकात मुलींना कवायत शिकवणारी बाई म्हणजे लोक वळून बघायचे. तिला त्याची सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती एका आवाजाची. आषाढात, शाळेच्या पटांगणात, रेहाना नावाची तेरा वर्षांची पोर घोड्यावरून उडी मारायला धावत आली होती. घोडा म्हणजे चामड्यानं मढवलेला चार पायांचा लाकडी ओंडका. त्याच्यापुढं उतरती फळी ठेवलेली. धावत यायचं, फळीवर दोन्ही पाय जोडून आपटायचे, फळीनं वर उचललं की घोड्यावर हात टेकून पाय फाकून पलीकडं. एका तालमीनं घोडा आणि फळी दोन्ही शाळेला देणगी म्हणून दिली होती. वर्गातल्या बाविसांपैकी एकीलाही ती उडी जमली नव्हती. मुली धावत यायच्या, फळीवर ठक्क असा आवाज व्हायचा आणि घोड्यावर पोट आपटून थांबायच्या. रेहाना त्यांतली सगळ्यांत धीट. तिसऱ्यांदा ती अशीच थांबली तेव्हा चंद्रभागा ओरडली होती, "घाबरतेस कशाला? जोरात ये. आणखी जोरात." पोर आणखी जोरात आली. ठक्क झालं, तिची नडगी घोड्याच्या कडेला लागली, ती डोक्याकडून पलीकडं गेली आणि एक बारीकसा आवाज आला, वाळलेली काडी मोडावी तसा. खांद्यापाशी हाड मोडलं होतं. रेहाना रडली नाही. गादीवर पडल्या पडल्या तिनं चंद्रभागेकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यात नुसता प्रश्न होता, की बाई, मी जोरात आले होते, मग असं का झालं?

त्या प्रश्नाला दोन महिने होऊन गेले होते. रेहाना शाळेत आली नव्हती आणि चंद्रभागा तिच्या घरी गेली नव्हती. जायला हवं होतं. दर रविवारी ती पुढच्या रविवारचं ठरवायची. पोरीचा बाप निसार मिस्त्री, भद्रकालीच्या मागं त्याचा टांगे बांधायचा कारखाना, त्या दिवशी तो हातातलं काम टाकून आला होता आणि पोरीला उचलून नेताना एक शब्द बोलला नव्हता. मुख्याध्यापिका सगुणाबाई मात्र बोलल्या होत्या. "चंद्राबाई, कमिटीतले लोक आधीच टपलेले आहेत. मुलींना कशाला हव्यात उड्या, असं मला तोंडावर विचारतात. स्नेहसंमेलनात एकीनं जरी नीट उडी मारून दाखवली तर मी त्यांना उत्तर देईन. दुसरी मुलगी पडली तर घोडा जाईल, आणि घोड्यामागोमाग तुमची कवायतही जाईल. मला तेव्हा काही करता येणार नाही." त्या रागानं बोलत नव्हत्या, हेच अवघड होतं. आणि त्यांना जे ठाऊक नव्हतं ते त्याहून अवघड होतं. चंद्रभागेनं स्वतः घोड्यावरून कधी उडी मारलीच नव्हती. पुण्याच्या वर्गात तिला लेझीम, लाठी, डंबेल्स सगळ्यांत पैकीच्या पैकी गुण होते. घोड्यापाशी मात्र ती धावत जायची आणि फळीच्या अलीकडं थांबायची. पाय थांबायचे, ती नाही, असं तिला वाटायचं, पण थांबायची. शिकवणाऱ्या मास्तरांनी शेवटी हसून म्हटलं होतं, "राहू द्या. तुम्हाला फक्त शिकवायचं आहे." तेच वाक्य उशाला घेऊन ती पाच वर्षं शिकवत होती. आणि ज्या गोष्टीला आपले पाय कधी तयार झाले नाहीत, त्याच गोष्टीसाठी एका पोरीला आपण आणखी जोरात ये म्हणालो, हे कुणाला सांगायचं? सगुणाबाईंना सांगितलं तर नोकरी. भावाला सांगितलं तर त्याची मान खाली. रात्री अंथरुणावर पडलं की तिच्या कानात ती काडी पुन्हा मोडायची.

आणि आज सकाळी रस्त्यावरच्या एका फळीनं तिला उचललं होतं आणि ती भ्याली नव्हती. दुपारी चौथीच्या मुली हात वर, हात बाजूला करत असताना ती आकडे म्हणत होती आणि तळव्यांतली ती उसळी आठवत होती. ती फळी वाकली होती. वाकली म्हणून तिनं उचललं. शाळेतली फळी वाकत होती का? तिनं कधी पाहिलं नव्हतं. फळी म्हणजे फळी. शाळा सुटल्यावर पटांगणात कुणी उरलं नाही तशी ती त्या फळीवर जाऊन उभी राहिली, वरच्या टोकाशी, आणि टाचा उचलून जराशी उसळली. काही झालं नाही. पुन्हा जोरानं उसळली. टाचांतून कळ मस्तकात गेली. जणू दगडावर उडी मारली होती. आणि त्या कळेबरोबर एकदम काहीतरी वर आलं, जे अकरा वर्षं तळाशी बसलं होतं. पुण्याचा पहिला दिवस. ती थांबली नव्हती. पहिल्या दिवशी ती थांबली नव्हतीच. सासरी दोन वर्षं पावलांचा आवाज न करता वावरलेली ती पोर त्या दिवशी लुगड्याचा काचा घट्ट मारून निफाडच्या पाण्याच्या पाटावरून उडी टाकायची तशी बेभान धावली होती, फळीवर दोन्ही पाय आपटले होते, आणि फळीनं तिला काही दिलं नव्हतं. अशीच कळ, असंच ठक्क, आणि घोड्याच्या कडेला आपटलेली नडगी. बायका हसल्या होत्या. थांबायला लागली ती दुसऱ्या दिवसापासून. हे ती विसरली कशी? थांबणं तेवढं लक्षात ठेवलं आणि धावणं टाकून दिलं. ती फळीवरच बसली. खरं काय असेल, भीती की फळी, की आधी फळी आणि मग भीती, तिला ठरवता येईना. तिनं पदरानं घाम पुसला आणि फळीवर पुन्हा एकदा मूठ आपटून पाहिली.

रविवारी सकाळी ती भद्रकालीच्या मागच्या गल्लीत गेली. गल्लीच्या तोंडाशी दोनदा पाय अडखळले. निसार मिस्त्री दारातच टांग्याचा दांडा रंधत बसला होता. पन्नाशीचा, दाढीत भुसा अडकलेला. तिला पाहून त्यानं रंधा बाजूला ठेवला आणि आत बायकोला हाक दिली, "ताहेरा, शाळेच्या बाई आल्यात. चहा टाक." चंद्रभागेनं वाटेत दहा वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही तोंडात येईना. ती म्हणाली, "मिस्त्री, मी आधीच यायला हवं होतं."

"यायला हवं होतं," निसार म्हणाला. "पोरगी रोज विचारायची, बाई का येत नाय. मी म्हणलं, शाळेत कामं असतात." त्यानं एक स्टूल फडक्यानं पुसून पुढं केलं. "बसा. हाड जुळलंय तिचं. डाक्टर म्हणले दिवाळीपर्यंत उडी नको. बाकी सगळं करती. घरात भांडती बी."

आतून रेहाना आली. उंच झाली होती. गळ्यातली झोळी गेली होती, पण उजवा हात ती अजून जपून पोटाशी धरत होती. तिनं सलाम केला आणि बापाच्या मागं उभी राहिली. चंद्रभागेनं तिच्याकडं बघायचं टाळून मिस्त्रीला विचारलं, "मला एक दाखवा. फळी वाकायला हवी असली तर कुठलं लाकूड घेतात?"

निसारनं तिच्याकडं नीट पाहिलं. मग हातातला दांडा उचलून त्याचं एक टोक उंबऱ्याखाली अडकवलं आणि दुसरं टोक तळहातानं खाली दाबलं. दांडा वेतासारखा वाकला. हात काढला तशी सुर्रकन सरळ झाला. "धामण," तो म्हणाला. "हरसूलच्या बाजारातून आणतो मी. टांग्याला दुसरं चालत नाय. घोडा नाचला, खड्डा आला, की दांडा वाकला पायजे. सागवान वाकत नाय. मोडंल, पण वाकणार नाय." जरा थांबून तो म्हणाला, "तुमच्या शाळेतली फळी सागवानी हाय. दोन इंची. त्या दिवशी पोरीला उचलताना बघितली मी. ती पैलवानांची फळी हाय, बाई. दोनशे पौंडाचा गडी तिच्यावर पडला तर ती जरा हलंल. माझ्या पोरीसारखी पोर तिच्यावर नाचली तर तिला कळणार बी नाय."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आसंल. शिकलेल्या तुम्ही." तो साधेपणानं बोलला, टोमणा नव्हता. ताहेरानं चहाची कपबशी आणून तिच्या हातात दिली. चंद्रभागेला वाटलं, आता नाही बोलले तर आणखी अकरा वर्षं जातील. कप खाली ठेवून ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं. मला उडी येतच नाही. मी कधी मारलेलीच नाही. रेहाना, तुला मी जोरात ये म्हणाले, आणि मला स्वतःला..."

रेहाना बापाच्या मागून पुढं आली. "बाई, ते आम्हाला माहितीय," ती म्हणाली.

"काय माहितीय?"

"तुम्हाला उडी येत नाही ते. सगळ्या वर्गाला माहितीय. तुम्ही बाकीचं सगळं करून दाखवता. हे कधीच करून दाखवत नाही. आम्ही म्हणायचो, बाई लुगड्यामुळं मारत नसतील. पण लुगड्यात तर तुम्ही धावता." ती हे एखादी बेरीज सांगावी तसं सांगत होती. "म्हणून मला वाटायचं आपण आधी शिकू आणि मग बाईंना शिकवू."

निसार खाली मान घालून दाढीतल्या दाढीत हसला. चंद्रभागेला आधी कानशिलं तापल्यासारखी वाटली. मग काय झालं ते तिला सांगता आलं नसतं. पाच वर्षं पोटाशी आवळून धरलेलं गाठोडं बाविसजणी रोज उघडं बघत होत्या, आणि तरी रांगेत उभ्या राहून तिच्या शिट्टीवर धावत होत्या. तिला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ताहेरा आतून म्हणाली, "चाय ठंडी हो रही है, बाई," आणि मग सगळ्यांनी मुकाट्यानं चहा प्यायला.

त्यानंतरचे तीन आठवडे तिच्या डोळ्यांपुढं फार स्पष्ट राहिले. निसारनं पहिला प्रश्न विचारला तो फळीचा नव्हताच. "उडणार कोण कोण? वजनं आणा." तिनं डॉक्टरी तपासणीच्या वहीतून बाविसजणींची वजनं उतरवून नेली. सगळ्यांत हलकी बासष्ट पौंड, सगळ्यांत जड एकशेचार. मिस्त्रीनं कागद लांब धरून वाचला आणि म्हणाला, एका फळीत एवढ्या सगळ्या बसायच्या नाहीत, काहीतरी डोकं लढवावं लागेल. त्यानं धामणीच्या सहा पट्ट्या तासल्या, बोटभर जाडीच्या, आणि एका टोकाला जमिनीलगत आडव्या लाकडात पक्क्या ठोकल्या. पट्ट्यांखाली एक गोलसर ठोकळा घातला. तो ठोकळा पुढं मागं सरकायचा. घोड्याकडं सरकवला की वरचं मोकळं टोक आखूड होऊन फळी ताठ व्हायची. मागं ओढला की टोक लांब सुटून फळी मऊ व्हायची. फळी शाळेत आली त्या दिवशी रेहानाही बापाबरोबर आली. तिला उडायची मनाई होती, म्हणून ती पोटावर आडवी पडून गाल जमिनीला लावून बघायची आणि तिथून सांगायची. एकेक मुलगी टोकाशी उभी राहून जराशी उसळायची. "दोन बोटं दबली. ठोकळा मागं." "आता चार बोटं. आता बरोबर." पहिल्या दिवशी ठोकळा फारच मागं राहिला होता. जड पोर उसळली तर फळीचं टोक जमिनीला टेकलं आणि तिचे पाय चिखलात रुतावेत तसे तिथंच राहिले. निसार म्हणाला, "फार मऊ बी नको. फार मऊ गिळून टाकती. तिनं खाली जावं पण जमिनीला भेटू नये." मग ठोकळ्याच्या बाजूला, कडेच्या पट्टीवर, त्यानं खडूनं तीन खुणा केल्या, हलक्या, मधल्या आणि जड पोरींसाठी, आणि त्या खुणा पाठ करायचं काम रेहानानं आपल्याकडं घेतलं.

मुली अजून घोड्यावरून गेल्या नव्हत्या. नुसत्या फळीवरून गादीवर उतरत होत्या, टाचा न टेकता, चवड्यांवर, आणि फळीकडं न बघता समोर बघत. ठक्क आवाज आता होत नव्हता. आता घुमल्यासारखा एक आवाज व्हायचा, मृदंगाच्या जाड्या बाजूवर थाप पडावी तसा, आणि प्रत्येक पोरीच्या चेहऱ्यावर तेच आश्चर्य उमटायचं जे चंद्रभागेनं स्वतःच्या तळव्यांत अनुभवलं होतं. पण घोडा पुढं उभा होता. तो कुणी आधी ओलांडायचा, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं आणि सगळ्यांना दिसत होता. दसरा झाल्यावरच्या शनिवारी सकाळची शाळा होती. कवायतीचा शेवटचा तास. चंद्रभागेनं घोडा जागेवर आणायला सांगितला, गादी अंथरवली, आणि मग काही न बोलता पदर कमरेला खोचला, काचा ओढून घट्ट केला आणि वहाणा काढून भिंतीशी ठेवल्या. व्हरांड्यात सगुणाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं होतं कोण जाणे.

"बाई, तुमचं वजन?" रेहाना ठोकळ्यापाशी बसून विचारत होती.

"एकशेबारा."

"मग जड खूण. तिच्यापुढं दोन बोटं." तिनं डाव्या हातानं ठोकळा सरकवला. "उसळून बघा."

चंद्रभागा टोकाशी उभी राहून उसळली. रेहानानं गाल जमिनीला लावला. "चार बोटं," ती म्हणाली. "बरोबर आहे, बाई. या आता." आणि तिनं जोरात या असं म्हटलं नाही. चंद्रभागा मोजून अठरा पावलं मागं गेली. वळून बघितलं तर घोडा फार लांब आणि फार उंच दिसला. जुना धसका परत आला, ओळखीचा, पुण्याचा. तो येणारच होता. तिला वाटलं होतं फळी बदलली की तो नाहीसा होईल. तो झाला नव्हता, फक्त आता तो एकटा होता, त्याच्या मागं काही दडलेलं नव्हतं. ती धावली. पहिली पाचसहा पावलं पाय आपले वाटले नाहीत. मग वारा कानाला लागला आणि पाटाच्या कडेच्या मऊ मातीचा वास आल्यासारखा झाला. फळी जवळ आली. इथं थांबायचे पाय. इथंच. तिनं नजर फळीवरून उचलून घोड्याच्या चामड्यावर ठेवली, एक पाय टाकला, दोन्ही जोडले, आणि खालचं लाकूड वाकलं. वाकत गेलं. त्या खाली जाण्याला इतका वेळ लागला की तिला वाटलं आता हे गिळणार. आणि मग ते परत आलं. ज्या जोरानं तिनं दिलं होतं त्याच जोरानं, सगळं, एक पैसा हातचा न राखता. तळहाताला चामडं लागलं, थंड. पाय आपणहून फाकले. खाली घोडा होता, वर काही नव्हतं, आणि कुठंतरी मधे ती होती, आवाज न करता, पण या आवाज न करण्यात कुणाची भीती नव्हती. मग काथ्याची गादी पायांखाली आली आणि ती धपकन बसली.

कुणी टाळी वाजवली नाही. बसल्या जागेवरून तिला आधी आपली पावलं दिसली, मग मुलींचे परकर, मग सगुणाबाईंचा चेहरा. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "घोडा इथंच राहू दे, चंद्राबाई. आत नेऊन ठेवू नका. कमिटीला मी बाहेरच दाखवीन." आणि त्या आत निघून गेल्या. रेहाना गादीच्या कडेशी येऊन उकिडवी बसली होती.

"बाई, उतरताना गुडघे उशिरा वाकले तुमचे," ती म्हणाली. "म्हणून बसलात."

"आणखी काय चुकलं?"

"आणखी काही नाही."

चंद्रभागेनं तिच्या उजव्या खांद्याकडं पाहिलं. हाडाजवळ बारीकसा उंचवटा राहिला होता, पोलक्यातूनही कळायचा. तो आता तसाच राहणार होता. तिनं हात पुढं केला आणि रेहानानं डावा हात देऊन तिला उभं केलं. तळवे अजून झिणझिणत होते. लुगड्याला गादीचा काथ्या चिकटला होता. शिपाईण भागीबाई घंटेपाशी हातोडा घेऊन खोळंबली होती, तिनं तिथूनच विचारलं, "बाई, वेळ झाली. देऊ का?"

"जरा थांबा, भागीबाई," चंद्रभागा म्हणाली, आणि पुन्हा अठरा पावलं मोजत मागं निघाली.